ओळखीचं गिधाड

“...पण ती मला ओळखते, यात माझं काय चुकलं?”

कुंदानं निजामचाचांना विचारलं. ते पिंजऱ्याच्या उघड्या दाराकडे बघत होते.

कड्याच्या टोकाशी गिधाडांचा हा मोठा जाळीचा पिंजरा. आदल्या दिवशी सकाळी त्याचं दार उघडलं होतं आणि समोरच्या कातळावर मेलेली म्हैस टाकली होती. आतली गिधाडं आधी बिचकली, मग एकेक करून बाहेर पडली. पोटभर जेवली, आणि ऊन तापल्यावर दरीवर तरंगू लागली.

एक मात्र आतच राहिलं.

ते दाराकडे जाईना. मागच्या जाळीला चिकटून बसलं होतं, कारण जाळीमागच्या तट्ट्याच्या आडोशात कुंदा बसली होती. कुंदा बोलली की ते मान वाकडी करून ऐकायचं.

आताही ऐकत होतं.

“बघा ना चाचा, कसं बघतंय!”

“बघतोय,” चाचा म्हणाले.

निजामचाचा या केंद्रावर पहिल्यापासून होते. इथे गिधाडं वाढवतात आणि मोठी झाली की सोडून देतात. एके काळी या डोंगरात गिधाडांना तोटा नव्हता. मग गुरांना दुखण्यावर एक औषध टोचू लागले. ते टोचलेलं जनावर मेलं की त्याला खाणारी गिधाडंही मरायची. बघता बघता कडे ओस पडले.

कुंदा इथे आली ती शहरातल्या प्राणिसंग्रहालयातून. तिथे तिनं बिबट्याची दोन अनाथ पिल्लं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. पेपरात फोटो आला होता. एक हाक मारली की पिल्लं धावत यायची, हे ती अजून सगळ्यांना सांगे. सांगताना नाक जरा वर जायचं. जावं की, ती पिल्लं वाचली होती.

इथे तिला अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू दिलं आणि नियम सांगितला.

पडद्याआडून भरवायचं. हातात गिधाडाच्या तोंडाचा कापडी मोजा घालायचा आणि त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा धरायचा. तोंड दाखवायचं नाही. बोलायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. पिलाला वाटलं पाहिजे की आपल्याला भरवणारंही गिधाडच आहे.

“कठीण आहे,” तेव्हा कुंदा म्हणाली होती.

“कठीण न्हाई,” चाचा म्हणाले होते. “कोरडं हाय.”

हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

आता चाचांनी आडोशातल्या फटीतून त्या गिधाडाकडे पाहिलं.

“काय म्हणून हाक मारायचीस तिला?”

“कुणाला? मी कुठे...”

“कुंदा.”

इथल्या पक्ष्यांना नाव नसतं. पायात नंबराचं कडं असतं, तेवढंच.

“...ठकी,” ती म्हणाली.

जाळीपलीकडे गिधाडानं मान ताठ केली.

चाचांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. हसू असावं. गिधाडाचं पिल्लू म्हणजे डोक्यावर चार केस, लोंबती मान आणि फुगलेली पिशवी. त्याला ठकी म्हणायचं म्हणजे आपला तो बाब्या, दुसरं काय?

“कधीपास्नं?”

“तिला घास अडकला होता हो चाचा. मान टाकली तिनं. मी पडदा बाजूला केला, बोट घालून तुकडा काढला, आणि तोंडातून गेलंच, ठके, ठके, अगं ठके... तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.”

“बरं केलंस. जीव वाचला.”

“तुम्ही रागावला नाहीत?”

“त्या दिवसाबद्दल न्हाई. दुसऱ्या दिवशी कशापायी बोललीस?”

कुंदा तट्ट्याची काडी मोडत राहिली. चाचा थांबले. त्यांना थांबायची सवय होती.

“आवडायचं मला,” ती म्हणाली. “दिवसभर मोज्यातला हात घेऊन गप्प बसायचं. आपण कोण, आहोत की नाही, कुणाला पत्ता नाही. आणि मग एक हाक मारली की तिनं मान वर करायची... फार आवडायचं.”

“हं.”

“त्यात पाप आहे का?”

“न्हाई.”

खालून दरीतला वारा आला. म्हशीचा वास आला. ठकीनं वासाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“साहेब सांगून गेलेत,” चाचा म्हणाले. “आज सांजेला दार लावायचं. आत राहील ते कायमचं आत.”

“माहीत आहे.”

कुंदानं फटीतून ठकीकडे पाहिलं.

“राहू दे की मग. मी बघेन तिला. बदली मागणार नाही, कुठे जाणार नाही. जन्मभर बघेन.”

“तू जन्मभर तिला बघशील. आन् ती जन्मभर काय बघंल?”

कुंदानं आणखी एक काडी मोडली.

“ते वर बघ,” चाचा म्हणाले.

वर कालची गिधाडं फिरत होती. एक जरा कलंडलं, तशी बाकीचीही कलंडली.

“त्यांच्यात गेली तर खायला मिळंल. एकाला दिसलं की सगळ्यांस्नी दिसतं. भाईर जाऊन बी एकटीच ऱ्हायली तर मानसाच्या दारात जाईल. वळखीचं मानूस हुडकत.”

“मग?”

“मग काय? गावात गिधाड उतरलं की पोरं हातात काय घेत्यात?”

कुंदानं हात कानावर ठेवले. ऐकायचं राहिलंच नव्हतं काही, तरी ठेवले.

मग ती एकदम फिरून बसली. रडवेली झाली होती, आणि रडवेलं माणूस दुसऱ्याला बोचकारतं.

“चाचा, तुम्ही इतकी वर्षं इतकी पिल्लं वाढवलीत. एकानं तरी तुम्हांला ओळखलं?”

“न्हाई.”

“एकानंही नाही?”

“न्हाई.”

“वाईट नाही वाटत?”

चाचांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मोज्यात राहून राहून त्या हाताची बोटं चोचीसारखी मिटलेली असत.

“वाटतं की,” ते म्हणाले. “रोज.”

कुंदाला वाटलं, आता ते पुढे काही सांगतील. ते उठले. खांद्यावरचं घोंगडं झटकून पुन्हा खांद्यावर टाकलं.

“चल.”

“कुठे?”

“पुढं. दाराम्होरं.”

“पण तिथे उघड्यावर... ती बघेल मला.”

“बघू दे.”

दोघं पिंजऱ्याला वळसा घालून समोरच्या कातळावर गेली. ऊन चांगलं तापलं होतं. म्हशीच्या हाडाकातड्यावरून माशा उठल्या. चाचांनी तिला दाराच्या बरोबर समोर उभं केलं.

“हाक मार.”

कुंदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“इतके दिवस तर...”

“तुझ्याबिगर तिला भाईर कोन काढनार? मार हाक.”

आजवर चोरून मारलेली हाक, आता उघड्या माळावर, नियम सांगणाऱ्या माणसासमोर मारायची होती.

“...ठके.”

पिंजऱ्यात पंखांची फडफड झाली.

“ठके, ये... ये गं.”

ठकी आली. गिधाडाला आकाशात पाहावं. जमिनीवर ते कंबर धरलेल्या माणसासारखं चालतं. तशीच ती आली. दारात अडखळली, उंबऱ्यावरून घसरली, सावरली आणि पुन्हा निघाली. म्हशीकडे न बघता सरळ कुंदाकडे.

कुंदा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“मागं सर,” चाचा हळूच म्हणाले. त्यांनी तिचा दंड घट्ट धरला होता. “बोलत बोलत मागं सर. मी हाय.”

ती एकेक पाऊल मागे जात राहिली. ठकी मागोमाग येत राहिली. कड्याच्या जरा अलीकडे कातळात एक खोलगा होता. वारा तिथे दरीतून सरळ वर चढायचा. ठकीच्या पंखांची टोकं त्या वाऱ्यानं आपोआप उचलली जाऊ लागली. ती दचकून स्वतःच्या पंखांकडे बघू लागली.

“बस खाली,” चाचा म्हणाले.

कुंदा खोलग्यात बसली. चाचांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत टाकलं.

“आता तू न्हाईस,” ते म्हणाले. “काय बी झालं तरी न्हाईस.”

त्यांची पावलं दूर गेली. करवंदीच्या जाळीमागे कुठेतरी थांबली.

घोंगड्याखाली अंधार होता. लोकरीचा वास, घामाचा वास. कातळाचा चटका मांडीला लागत होता.

मग नख्या खरवडल्या.

ठकी आली होती. ती घोंगड्याभोवती फिरली. थांबली. पुन्हा फिरली. चोचीनं घोंगड्याचा काठ धरून तिनं एक हिसका दिला.

कुंदानं ओढणीचा बोळा तोंडात घातला.

दुसरा हिसका. मग ठकीनं एक आवाज काढला. पिल्लू असताना भूक लागली की काढायची तो, घशातून फुसफुसणारा. इतकी मोठी झाल्यापासून तिनं तो काढला नव्हता.

कुंदाला आयुष्यात इतकं बोलावंसं कधी वाटलं नव्हतं. एकच शब्द. तोही केवढासा. तो घशाशी येऊन उभा राहिला होता. म्हटला असता तर ठकी तिथेच राहिली असती. संध्याकाळी दोघी पिंजऱ्याकडे परत गेल्या असत्या, आणि उद्या, परवा, तेरवा तिनं हाकेसरशी मान वर केली असती.

ठकी घोंगड्याला टेकून बसली. तिच्या अंगाची ऊब लोकरीतून आत आली.

कुंदा हलली नाही.

किती वेळ गेला, कोण जाणे. घोंगड्यावरचा तो भार कमी झाला. नख्या दोन-चारदा खरवडल्या. वारा एकदम मोठा झाला. ओलं घोंगडं झटकल्यासारखा एक आवाज आला, मग आणखी एक.

मग नुसता वारा.

कुंदानं घोंगडं काढलं नाही. कुणीतरी यावं आणि काही झालं नाही म्हणावं, अशी ती बसून होती.

चाचा आले. त्यांनी घोंगडं उचललं. तिच्या तोंडातला बोळा हळूच काढला. तिला उठवलं नाही. स्वतःच शेजारी बसले.

वर गिधाडं फिरत होती. कालची, आणि त्यांत आणखी एक. सगळ्यांचे पंख सारखे, सगळ्यांचा वळसा सारखा. कुंदा एकेकावर नजर लावत होती आणि नजर एकेकावरून सुटत होती. चाचाही डोळ्यांवर हात धरून वर बघत होते. त्यांचेही डोळे भरले होते, आणि ते पुसत नव्हते.

“चाचा,” ती शेवटी म्हणाली, “यातली ठकी...”

चाचांनी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

“नाव घेऊ नको, पोरी... वळंल ती.”