नवऱ्या हत्तीचा पायजमा

प्राणी अजून कपडे घालत होते, तेव्हाची गोष्ट. भिकाजी अस्वल गाणं गुणगुणत नवऱ्या हत्तीचा पायजमा शिवत होता. मशीनची सुई खालच्या बॉबिनवर खेकसली, "अंधारात बसून नुसती गरगरतेस! शिवते ती मी."

"अगं, माझा दोरा संपत आलाय. थांब, भरून घेऊ दे."

"संपला तर संपला. तुझ्यावाचून काय अडलंय?"

आणि खरंच, काहीच अडलं नाही. सुई कधी नव्हे इतकी हलकी होऊन सुसाट धावली.

बोहल्यावर हत्तीला पायजम्याचा एक दोरा लोंबताना दिसला. त्यानं तो सोंडेनं ओढला. अख्खा दोरा सोंडेत आला आणि पायजमा पायांशी! वऱ्हाड डोळे झाकून पळालं.

उसवलेला पायजमा दुकानात परत आला. सुईनं भोकांची लांबलचक रांग न्याहाळली आणि रिकाम्या बॉबिनला तोऱ्यात म्हणाली, "बघ गं, एक तरी वाकडं आहे का?"