परमुलखातली पाठवणी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माणसं परमुलखात पायी जायची, आणि एकदा गेली की वर्षानुवर्षं घरचा निरोपही यायचा नाही.

असाच एक तांबट पोटासाठी बर्फाच्या डोंगरापलीकडच्या राज्यात गेला. तिथं त्याचा जम बसला. लोक त्याच्या हंड्या-घागरी आवडीनं नेत. पण तो कुणाच्या बारशाला जाईना की जत्रेला. "ही काय आपली माणसं आहेत?" असं तो स्वतःशीच म्हणे. अशी अकरा वर्षं गेली.

त्याच्या शेजारी एक विधवा धनगरीण राहायची. एका सकाळी ती येऊन म्हणाली, "उद्या माझ्या लेकीचं लग्न आहे. तुम्ही यायचंच."

"मला तुमच्या चालीरीती कळत नाहीत, बाई."

"जेवायला तर येतं ना?" ती हसली. मग त्याला नाही म्हणवेना.

तो गेला, पण त्याचं मन लागेना. मांडव नाही, सनई नाही, अक्षता नाहीत. नवरी तर पांढऱ्या लोकरीच्या वस्त्रात! नवरा-नवरीनं एकाच लाकडी वाडग्यातून दूध प्यायलं, आणि लग्न लागलं.

मग बायकांनी संथ सुरात एक गाणं धरलं. जुन्या बोलीतले शब्द त्याला कळेनात. पण नवरीच्या आईनं शालीचं टोक तोंडाशी धरलं, तेव्हा हे पाठवणीचं गाणं आहे हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्याला आपली धाकटी बहीण आठवली. तिचं लग्न झाल्याचं त्याला दीड वर्षानं एका व्यापाऱ्याकडून कळलं होतं. हळदीत ती कशी दिसली असेल, कुणाच्या गळ्यात पडून रडली असेल, त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

इतक्यात गाणं थांबलं. नवरी घोड्यावर बसली होती, पण लगाम धरायला कुणी पुढं येईना. तिथली रीत अशी, की भावानं लगाम धरून बहिणीला गावच्या ओढ्यापार न्यायचं. नवरीचा भाऊ पाच वर्षांपूर्वी कामासाठी दूर देशी गेला होता. आई दुपारपर्यंत खिंडीकडे डोळे लावून बसली होती. तो आला नव्हता.

वराकडचा म्हातारा म्हणाला, "भावाशिवाय नवरी निघत नाही. तो येईल तेव्हाच नेऊ तिला."

"तो कधी येणार, कोण सांगणार?" आई म्हणाली. नवरीनं मान खाली घातली.

तांबट उठला. "मी लगाम धरला तर चालेल?"

"तुम्ही हिचे कोण?"

तांबट घुटमळला. मग म्हणाला, "मीही एका बहिणीचा भाऊ आहे, बाबा. तिच्या लग्नात मी नव्हतो. माझ्या जागी कोण उभं राहिलं, मला माहीत नाही. पण कुणीतरी राहिलं असेलच."

म्हातारा बाजूला सरला. आईनंच पुढं होऊन लगाम तांबटाच्या हातात दिला.

ओढ्यापार पोचल्यावर तांबट नवऱ्याला म्हणाला, "आमच्याकडे नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो." सगळे हसले. नवऱ्यानं वाकून कान पुढं केला. तांबटानं तो हळूच पिळला आणि आपल्या बोलीत म्हणाला, "जप रे तिला."

वर्षभरानं मुलगी माहेरी आली, आणि लोण्याचा गोळा घेऊन तांबटाकडेही आली. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "दादा, तुमच्या बहिणीचं नाव काय?"

"यमू," तो म्हणाला. अकरा-बारा वर्षांत ते नाव त्यानं मोठ्यानं घेतलं नव्हतं.

मग तो तिला यमूविषयी, गावच्या विहिरीविषयी, आईच्या हातच्या पुरणपोळीविषयी सांगत राहिला. मुलीची आईही येऊन बसली आणि आपल्या लेकाच्या आठवणी सांगू लागली.

बोध: दुसऱ्याच्या सुखदुःखात जो घरचा होऊन उभा राहतो, तो कुठल्याही मुलखात परका राहत नाही.