कवतिकेने पाठीवर घेतलेला नवरा

फार फार वर्षांपूर्वी, तलावाच्या पाळीवरची चिंच अजून रोपटं होती तेव्हा, पिपरटोल्यात कवतिका नावाची सून नांदत होती. त्या साली सगळं धान करपलं. उरली फक्त लाखोळीची डाळ, कारण ती मेली पाण्यावाचूनही पिकते. मग सगळं गाव लाखोळीवरच जगू लागलं. भुकेल्या पोटाला धीर कुठला? दाणे कच्चेच चावायचे, नाहीतर तसेच दळून भाकर थापायची.

दोन-तीन महिन्यांत गावाचे पाय जायला लागले. तरणेताठे गडी काठी टेकत चालू लागले. देवीचा कोप झाला, असं जो तो म्हणू लागला.

कवतिका देवीला मानायची, पण डोळे उघडे ठेवून. तिला दिसलं की तिची सासू भागरता, सत्तरी ओलांडलेली, तोंडाचं बोळकं झालेली, मात्र ताठ चालते आहे. दात नव्हते म्हणून म्हातारीची लाखोळी वेगळी व्हायची. ऊन पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकून द्यायचं, परत भिजवायची, मग वाटून दोन दिवस आंबवायची आणि त्याची धिरडी घालायची.

कवतिकेने सगळ्या घरासाठी तेच रांधलं. तिचा नवरा डोमा म्हणजे गावातला पहिल्या नंबरचा नांगरगडी. वास येताच तो ताटावरून उठला.

"हे बुढीले दे. मले दात हायेत!"

ती रुसली, पाया पडली, पण डोमा हट्टाला पेटलेला. शेजारणी तर तिलाच हसल्या. उपासमारीत भिजवणीचं पाणी फेकते, म्हणजे अन्नाचा कसच फेकते की! आणि ऐन मृगात डोमा नांगर धरायला गेला, तो तिथेच बसला. पुन्हा पायांवर उभा राहिला नाही.

कवतिका खूप रडली. मग पदर खोचून तिने नवऱ्याला पाठीवर घेतलं आणि लाखोळी भिजवून, पाणी फेकून, आंबवून खा, असं सांगत दारोदार निघाली. असं म्हणतात, एवढा धिप्पाड गडी तिच्या पाठीवर कापसासारखा हलका झाला. पहिल्या दारी डोमाने लाजेने तिच्या खांद्यात तोंड लपवलं. तिसऱ्या दारी मात्र तोच ओरडला, "माह्यं आयकू नका, हिचं आयका! म्या आयकलं नाही!"

लोकांनी ऐकलं. असं म्हणतात, तिसऱ्या रात्री घरोघरी आंबवायला ठेवलेलं पीठ मडक्याबाहेर फसफसून आलं, आणि पाच जणांच्या पिठात दहा जण जेवले. त्यानंतर गावात कुणाचे पाय गेले नाहीत. डोमाचे गेलेले मात्र परत आले नाहीत. जन्मभर कवतिका त्याला बांधावर नेऊन बसवायची, आणि तो तिथून बैलांना हाका द्यायचा.

आता लाखोळीवर कुणी जगत नाही. पण पिपरटोल्यात लग्न झालं की दुसऱ्या दिवशी नवरी नवरदेवाला पाठीवर घेऊन कवतिकेच्या नावाने बांधलेल्या ओट्याशी नेते. तो कितीही मोठा साहेब असो, त्याला गावासमोर ओरडावंच लागतं, "हिचं आयका!" मग नवरी त्याला आंबवलेलं धिरडं भरवते, सगळे पोट धरून हसतात, आणि परत येताना तो आपल्या पायांनी चालत येतो.