वीस मोहरांची खुर्ची

राजाच्या मेहुण्याने जेवता जेवता एक वाक्य टाकलं आणि तिथून सगळं बिनसलं.

"दाजीसाहेब, ही तुमची शिसवी खुर्ची मी समुद्रापलीकडच्या बाजारात पाहिली होती. वीस मोहरांना देत होते. तुम्हाला केवढ्याला पडली?"

राजाचा घास हातातच राहिला. त्याला ती शंभराला पडली होती. मेहुणा हसला नाही, नुसता ताटात बघत राहिला. ते हसण्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी धाकू तांडेलाला बोलावणं गेलं. ती खुर्ची त्याच्याच गलबतातून आली होती. बिचारा हात जोडून सांगू लागला, "महाराज, वीस तिकडच्या दुकानदाराच्या. मग गलबताचं भाडं, बंदरावरची जकात, हमाली, घाटातल्या नाक्याची जकात, शहराच्या वेशीवरची..."

"वाटेत खुर्ची वाढली का रे? दोनाचे चार हात फुटले तिला?"

"नाही महाराज."

"मग किंमत कशी वाढली? तशीच दुसरी आण. वीस मोहरांत, इथे, या दिवाणखान्यात. वर एक कवडी लागली तर तुझं गलबत माझं."

आता गलबत म्हणजे धाकूचं घर, शेत, सगळं तेच. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला. त्याची लेक तानू अंगणात सुकट वाळवत होती. हीच सुकट डोक्यावर घेऊन ती बाजाराला घाट चढायची, त्यामुळे वाटेवरचा एकूण एक नाकेदार तिच्या ओळखीचा.

"बा, उठा, जेवून घ्या. आणू खुर्ची."

"आणू म्हणे! जकात काय तुझा मामा भरणार?"

"कुणीच नाही भरणार. तुम्ही गलबत तर काढा."

बरं, गलबताची एक रीत असते. जाताना धाकू तांदूळ भरून न्यायचा. येताना पोट रिकामं, आणि रिकामं गलबत वाऱ्याने कलंडतं. म्हणून तळाशी दगड भरून आणायचे. या खेपेला तानूने सांगितलं तसे त्याने थोडे दगड कमी घेतले आणि त्या जागी खुर्ची ठेवली. दगडाला कोण भाडं लावतं?

गलबत धक्क्याला लागलं तशी तानूने राजाला निरोप धाडला. "खुर्ची आली आहे. पण माल बघितल्याशिवाय उतरवायची आमची रीत नाही. गलबतावर येऊन बसून बघावी. नापसंत असेल तर परत नेऊ."

राजा पालखीतून आला. बरोबर विसाजीपंत कारभारी. राजा गलबतावर चढला, खुर्चीत टेकला, मागे रेलला. "छान आहे."

"मग आता उठू नका, महाराज," तानू म्हणाली. खुर्चीच्या दोन्ही हातांखाली तिने आधीच बांबू बांधून ठेवले होते. "भोई तुमचेच आहेत. पालखी उचलायची ती खुर्ची उचलतील."

राजाला गंमत वाटली. तो बसून राहिला. भोयांनी खांदा दिला, शिसवाच्या वजनाने एकदा "आई गं" म्हणाले आणि निघाले. मागून बदलीच्या भोयांनी रिकामी पालखी उचलली.

बंदराच्या नाक्यावर नाकेदार वाकून उभा राहिला. खुर्ची पुढे गेली.

"काय रे, जकात नाही घेतलीस?" राजाने विचारलं.

"महाराज ज्यावर बसलेत त्यावर जकात? मागे एका नाकेदाराने महाराजांचा घोडा अडवला होता, तो अजून कोठारात उंदीर मोजतो आहे." एवढं बोलून नाकेदाराने मागच्या पालखीला हात केला. "ए, थांबा! लाकडी सामान. जकात भरा."

"अरे मूर्खा, ती महाराजांची पालखी आहे," विसाजीपंत ओरडले.

"पंत, महाराज आत असते तर पालखी. आत कुणी नाही, म्हणजे लाकूड. नियम तुम्हीच लिहून दिलाय."

पंतांनी कमरेची पिशवी सोडली. घाटातल्या नाक्यावर पुन्हा सोडली. शहराच्या वेशीवर तिसऱ्यांदा सोडताना ते पुटपुटले, "ही काय लूट आहे?" पुढे खुर्चीवर बसलेल्या राजाने ते ऐकलं.

दिवाणखान्यात खुर्ची ठेवली तेव्हा राजा उठला.

"किती झाले, पोरी?"

"वीस, महाराज. दुकानदाराला दिल्या तेवढ्याच."

"आणि माझे?" पंत रडवेले झाले. "एवढ्यात तर नवी पालखी झाली असती."

"तुमचे पालखीचे, पंत. खुर्चीत नका घालू."

राजा मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "पण पंतांचे गेले कुठे?"

"तुमच्या तिजोरीत. मागच्या खुर्चीचेही दुकानदाराचे आणि भाडं-हमालीचे सोडून बाकी सगळे तिथेच आहेत. माझ्या बाला तिजोरी उघडता येत नाही. तुम्हाला येते, बघून घ्या."

धाकूने डोळे मिटले.

"बघतो," राजा हळूच म्हणाला. "पण मेहुण्यांना काय सांगू? ते परवा येताहेत."

"खरं तेच सांगा, महाराज. खुर्ची वीस मोहरांतच येते. फक्त आणायला राजा लागतो."

राजा हसायला लागला. एवढा हसला, की नव्या खुर्चीचा हात धरून त्याला खाली बसावं लागलं. मग त्याने धाकूच्या गलबताला जन्मभराची जकात माफ केली, पंतांना त्यांचे पैसे परत दिले आणि शंभर मोहरांची ती जुनी खुर्ची तानूला देऊन टाकली. वर हुकूम केला, की भोयांनी पोरीला त्याच खुर्चीत बसवून बंदरापर्यंत पोचवावं.

उतरताना घाटातल्या नाक्यावर नाकेदार सवयीने पुढे झाला. खुर्चीकडे बघितलं, तानूकडे बघितलं, राजाच्या भोयांकडे बघितलं.

"येते हो, काका," तानू वरून म्हणाली.

नाकेदार वाकून उभा राहिला.