दोरीवरच्या चिंध्या

आज ज्याची कुणालाच आठवण उरली नाही, अशा फार जुन्या काळी एक राजा होता. अडल्यानडल्या प्रजेसाठी त्याने राजधानीत एक कोठार बांधलं. त्यात धान्य होतं, घोंगड्या होत्या, पडकी घरं शाकारायला बांबू आणि गवत होतं.

मागण्याची रीत सोपी होती. कोठाराच्या दाराशी एक लांब दोरी ताणलेली असे. ज्याच्यावर वेळ आली त्याने यायचं, अंगावरच्या कपड्याची एक चिंधी फाडून दोरीला बांधायची आणि गावाचं नाव सांगायचं. दुसऱ्या दिवशी गाडी निघायची.

पहिल्याच वर्षी दोरी भरून गेली. कारभाऱ्याला ते बघवेना. "परके राजे पाहुणे येतात, त्यांनी काय हे बघायचं?" असं म्हणून त्याने नियम केला. मागणाऱ्याच्या चिंधीशेजारी दोन शेजाऱ्यांच्याही चिंध्या हव्यात. गरज खरी असल्याची ती साक्ष.

दुसऱ्या वर्षी दोरी अर्धी झाली. दुसऱ्यासाठी स्वतःचं धोतर कोण फाडतो? तिसऱ्या वर्षी ती आणखी मोकळी झाली. कारभारी म्हणाला, "महाराज, राज्यातलं दुःख आटत चाललंय. दोरीच बघा ना!" राजाने दोरी बघितली. माणसं बघितली नाहीत.

राज्याच्या टोकाला, डोंगरापलीकडे एक कुंभारवाडी होती. तिथली माती संपली, तसं एकेक घर उठून गेलं. अकरांपैकी दहा दारांना कुलपं लागली. मागे एक म्हातारी कुंभारीण तेवढी उरली. दिवसचे दिवस तिला माणसाचा आवाज ऐकू येत नसे. मग ती स्वतःच मोठ्याने म्हणे, "चला, चूल पेटवू या," आणि चूल पेटवी.

एका वर्षी तिच्या घराची मागची भिंत खचली. थंडी तोंडावर आली होती. उघड्या घरात आपण हा हिवाळा काढणार नाही, हे तिला कळत होतं. तीन दिवस चालून ती कोठाराशी आली.

"शेजाऱ्यांच्या चिंध्या?" पहारेकऱ्याने विचारलं.

"शेजारी कुठून आणू, लेकरा? नुसती कुलपं आहेत."

"मग कुलपांना लुगडी नेसव आणि त्यांच्या चिंध्या आण!" तो हसला.

म्हातारी आडोशाला गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तीन चिंध्या होत्या. "ही माझी. ही डावीकडच्या घराची. ही उजवीकडच्या घराची."

पहारेकऱ्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या. "आजी, तिन्ही एकाच लुगड्याच्या आहेत गं."

"माझ्याकडे एकच आहे, बाबा."

"मी काय करू? नियम काही मी केला नाही."

"शेजारी असते," म्हातारी म्हणाली, "तर मी राजाच्या दारी आले असते का?"

पहारेकरी दुसरीकडे बघू लागला. म्हातारी माघारी निघाली. तिचं लुगडं आता आखूड झालं होतं आणि वाटेवर वारा होता.

त्या वर्षी दोरी अगदी रिकामी राहिली. राजाला आनंद मावेना. आपली सुखी प्रजा डोळे भरून पाहायला तो स्वतः निघाला आणि फिरत फिरत कुंभारवाडीत आला. दारं बंद होती. हाक दिली तर फक्त त्याचीच हाक परत आली. शेवटच्या घरात, तीन भिंतींच्या आत, म्हातारी गारठून पडली होती.

राजाने आपली शाल तिच्यावर घातली. "आई, कोठार भरलेलं होतं. मागितलं का नाहीस?"

"मागितलं होतं." तिने शाल अंगाशी ओढून घेतली. मग म्हणाली, "घाईत नसलात तर बसा जरा. फार दिवसांत कुणी बसलं नाही."

राजा बसला. तिने त्याला तीन चिंध्यांची हकीकत सांगितली. दुपार कलायच्या आत म्हातारी गेली.

राजधानीत परतताच राजाने तो नियम मोडीत काढला. कुणी मागेपर्यंत थांबायचं नाही, ज्या घराची चूल विझली तिथे आपण जायचं, असा हुकूम काढला. पहिली गाडी हाकायला त्याने कारभाऱ्यालाच बसवलं आणि कुंभारवाडीला धाडलं. कारभारी वाडीभर हाका मारत फिरला. घोंगडी घ्यायला तिथे कुणीच उरलं नव्हतं.

तात्पर्य: मागणारे कमी झाले म्हणून गरज कमी झाली असं समजू नये, मागण्याची वाट आपणच तर अडवली नाही ना, हे आधी पाहावं.