गाभण म्हशीच्या मापाची खिंड

निवेखोलच्या डोंगरावर आमची घागांची राई आहे. चढताना तुम्हाला अकरा गडगे आडवे लागले असतील, नुसते दगडावर दगड रचलेले. आणि प्रत्येक गडग्यात, अगदी एका रेषेत, एक खिंड. ती माणसाच्या मापाची नाही, बैलगाडीच्याही नाही. ती गाभण म्हशीच्या मापाची आहे. हसू नका, कागदावर तसं लिहिलेलं आहे.

म्हणे, रावळोजी घाग होता तोवर सगळी राई एक होती. त्याला चार मुलगे, आणि त्या चौघांना तीन-तीन. बारा नातवांनी डोंगराला आडव्या पट्ट्या पाडून राई वाटून घेतली. पट्ट्या इतक्या अरुंद, की कुणी दुपारी सावलीत आडवा झाला तर डोकं आपल्या रानात आणि पाय चुलतभावाच्या. अशा एका झोपेवरूनच पहिलं भांडण झालं, असं सांगतात. मग खाली पडलेला हिरडा कुणाचा, वानराने एकाकडचं फळ खाऊन दुसऱ्याकडे बी टाकली तर रोप कुणाचं, यावर बैठका बसू लागल्या. शेवटी ठरलं, एकाच फाल्गुनात ज्याने त्याने आपल्या पट्टीच्या वरच्या कडेला छातीएवढा गडगा घालायचा. फट ठेवायची नाही. भावाचा काय भरवसा!

सगळ्यात वरची, कड्याखालची पट्टी बाराव्या नातवाची विधवा यसवदा हिच्याकडे होती. तिथे झरा होता, म्हणून तिची म्हैस हिवाळाभर तिथेच राही, आणि चैत्रात झरा आटला की खाली येई. घरात तेवढी एकच म्हैस. त्या वर्षी ती गाभण होती.

गडगे पुरे झाले, अकरा जणांनी मिशांवरून हात फिरवला, तेव्हा यसवदा म्हणाली, "भावजी, माझी म्हैस वरच राहिली की."

तिच्या लगतचा गडगा भिवाचा. तो म्हणाला, "वैनी, मी फोडतो. पण खालच्याने नाही फोडला, तर म्हैस माझ्याच पट्टीत उभी राहणार आणि माझीच रोपं खाणार."

खालच्याचंही तेच. अगदी तळाचा सखोबा म्हणाला, "वरचे दहा फोडू देत. मग माझा फुटलाच म्हणून समज."

झरा बोटभर उरला. यसवदा गडगे चढून वर गेली आणि कड्याखालच्या देवीला नवस बोलली, "आई, म्हैस खाली उतरू दे. पहिल्या चिकाचा खरवस सगळ्या भाऊबंदांना घालीन. सखोबा भावजींनासुद्धा." मग तिने तीन दगड मांडले आणि मडक्यात गूळ-वेलदोडे उकळत ठेवले.

वारा डोंगरावरून खाली वाहत होता. आणि घागांची खोड सात गावांना ठाऊक, खरवसाच्या वासाने ते सरणावरूनही उठतील.

"म्हैस व्याली वाटतं," असं मनात म्हणून सखोबा गुपचूप निघाला. तसेच बाकीचे दहाही. पहिल्या गडग्याशी सगळे भेटले, पण कुणी कुणाकडे पाहिलं नाही. एकेकाने गडग्यावर पोट टेकलं आणि पलीकडे घसरला. खाऊन-पिऊन सुखी माणसं ती, आणि दगड कोरडे रचलेले. अकराही गडगे तिथे ढासळले. कुणाचा कुणी पाडला, देवीलाच ठाऊक.

वर मडक्यात निव्वळ गुळाचं पाणी. शेजारी जडावलेली म्हैस ओल्या दगडाला जीभ लावून उभी.

"खरवस कुठाय?" सखोबाने विचारलं.

"तिच्या पोटात. खाली गोठ्यात निघेल."

अकरा जणांनी वळून पाहिलं. वाट पडली होती, पण माणसापुरती. तेव्हा ते कामाला लागले. मात्र प्रत्येकाने दगड उपसले ते दुसऱ्याच्या गडग्याचे. आपला गडगा आपण फोडला, असं कुणालाच म्हणावं लागलं नाही, म्हणून सगळ्यांची इभ्रत राहिली. म्हैस उतरली, आठव्या दिवशी व्याली, आणि नवस फिटला.

आजही राईचे तुकडे पडतच आहेत. बारा पट्ट्यांचे एकशे चाळीस हिस्से झाले, आणि कित्येक मालकांनी आपला हिस्सा पाहिलेलासुद्धा नाही. पण दर खरेदीखतात खिंड असतेच. अक्षय्य तृतीयेला गावातली सगळ्यात जड गाभण म्हैस त्या अकरा खिंडींतून नेतात. जिथे तिचं पोट दगडाला घासेल, त्या मालकाला पुढे तिच्या खरवसाचा फक्त वास मिळतो. घरच्यांसह पाटावर बसवतात, समोर पातेल्यावरचं झाकण काढतात, आणि पुन्हा ठेवतात.

गेली दोन वर्षं आमच्या घराने वासच घेतला आहे. दगड सरकतात हो, आपोआप.