व्यापारी आणि भरवस्तीतली मोकळी जागा

एका गजबजलेल्या नगरात एक व्यापारी राहत होता. पैसा होता, मान होता; फक्त कुठलाही निर्णय त्याच्याकडे दोन दिवस टिकत नसे. ऐन भरवस्तीत त्याची वडिलोपार्जित मोकळी जागा होती. तिथे काय बांधावं? मेहुणा म्हणे, वखार. व्याही म्हणे, धर्मशाळा. बायको म्हणे, आधी तिथला उकिरडा हटवा, वासाने जीव जातो.

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे," लोक सांगत.

"अहो, पण माझं मन काही बोलतच नाही!" व्यापारी कपाळाला हात लावी.

एकदा एक कुंभारीण आली. "शेठजी, तुमचं ठरेपर्यंत तिथे मडकी मांडू का? उकिरडा मी काढते."

"आणि नंतर उठली नाहीस तर? भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी!"

"मडकी ती, शेठजी. सांगाल तेव्हा टोपलीत भरून निघते."

हो-नाही करता करता त्याने होकार दिला. कुंभारणीशेजारी ताकवाली येऊन बसली, मग विळ्यांना धार लावणारा आला. मागच्या विणकर आळीतल्या बायका रोज येऊ लागल्या, संध्याकाळी गप्पांचा फड जमू लागला. व्यापारी लांबून बघे आणि आणखीच गोंधळे. जागा आपली, आणि आपल्यालाच ओळखू येईना!

शेवटी मेहुण्याचं ऐकून त्याने वखार ठरवली. सगळी पुंजी त्यात घालायची, चहूबाजूंनी उंच भिंत. कुंभारणीला निरोप गेला. दिल्या शब्दाप्रमाणे ती मडकी टोपलीत भरून उठली, तिच्यामागे बाकीचेही उठले. व्यापाऱ्याला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तो त्या रिकाम्या जागेभोवती फेऱ्याच मारत राहिला.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने पायासाठी फक्कीची पांढरी रेघ मारली. मागच्या आळीतून एक बाई रेघ तुडवत आली. "ताकवाली कुठं गेली हो?" मग दुसरी आली, मग पोरं आली. गवंड्याने रेघ पुन्हा मारली. ती पुन्हा पुसली गेली, नेमकी त्याच ठिकाणी.

"शेठजी, हाकला यांना! भिंत घालायची कशी?"

व्यापारी त्या पुसलेल्या रेघेकडे बघत राहिला. "इथे भिंत नको," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला.

तसाच तो कुंभारणीच्या दारात गेला. "चुकलं माझं. परत चल."

"म्हणजे काय बांधायचं ते ठरलं?"

"छे! डोकं अजून भणभणतंय. पण दार कुठे ठेवायचं, तेवढं कळलं."

तात्पर्य: जागेचं काय करावं ते सुचत नसेल, तर आधी ती चार माणसांना वापरू द्यावी, पाया त्यानंतर खणावा.